लस आपल्या लेकरांची, होकारही आपलाच

(संघटनेच्या वनहक्क व आरोग्य शिबिरात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. शिबिराला येऊ न शकलेल्या पाड्यांसाठी लिहून काढलं आहे. गावसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



सकाळी आपण वनहक्काच्या दाव्यांचं बोललो. कोणाचा दावा मंजूर झाला, कोणाचा उपविभागीय समितीनं परत पाठवला, मोजणीत कोणाच्या प्लॉटचा किती तुकडा कापला, याची यादी अजून फळ्यावर आहे. आता विषय आहे लेकरांना टोचायच्या लसीचा. जेवताना दोघा-तिघांनी विचारलं, हा विषय तर नर्सबाईचा, संघटनेनं यात कशाला पडायचं? त्याचंच उत्तर द्यायला आम्ही उभे आहोत.

पाड्यांवर फिरताना एक बोलणं कानावर येतं : "जमिनीचा कागद द्यायला यांना सहा-सहा वर्षं पुरत नाहीत, आणि सुई टोचायला मात्र जीप घेऊन दारात येतात. यात काही तरी डाव असणार." तालुक्याच्या कचेरीत गेलं की दुसरं बोलणं ऐकू येतं : "आदिवासी अडाणी. भगताकडे जातील, पण लस घेणार नाहीत." पहिल्या बोलण्यानं आपल्या लेकराचा जीव जाऊ शकतो. दुसऱ्यानं आपला मान जातो. म्हणून दोन्ही बोलणी नीट तपासून घेऊ.

आधी अडाणीपणाचं बघू.

लस नाकारणारे पहिले लोक काही जंगलातले नव्हते. इंग्लंडात १८५३ साली कायदा झाला, की प्रत्येक तान्ह्या मुलाला देवी काढल्याच पाहिजेत. १८६७ साली तो आणखी कडक केला. नाही म्हणणाऱ्या आईबापाला पुन्हा पुन्हा दंड. श्रीमंत माणूस दंड भरून मोकळा व्हायचा. गिरणीतल्या कामगाराला दंड भरता आला नाही, की त्याच्या घरातलं सामान जप्त, नाही तर तुरुंग. लेस्टर नावाचं कामगारांचं शहर आहे. तिथं मार्च १८८५ मध्ये या सक्तीविरुद्ध हजारो-हजारो माणसांचा मोर्चा निघाला. शेवटी १८९८ साली सरकारला वाकावं लागलं. ज्या आईबापाच्या मनाला लस पटत नाही त्यांना सूट देणारा कायदा करावा लागला. ते लोक लिहिता-वाचता येणारे होते. त्यांचा राग सुईवर होता त्याहून जास्त त्या कायद्यावर होता. गरिबाच्या घरात शिरायला त्या कायद्याला लाज वाटत नव्हती.

आपल्या देशातलं बघा. गांधीजी स्वतः देवीच्या लसीच्या विरुद्ध होते, तसं त्यांनी लिहिलंही आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी हे देशाचे गव्हर्नर जनरल होऊन गेलेले, मद्रासचे मुख्यमंत्री राहिलेले. त्यांनी १९५५ च्या सुमारास क्षयाच्या बी.सी.जी. लसीच्या मोहिमेला जाहीर विरोध केला. तो त्या मद्रास राज्यात गाजला.

आणि पुढं? मद्रास राज्याचं तामिळनाडू झालं. सरकारच्याच २००५-०६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत तामिळनाडूत १०० पैकी ८१ मुलांना सगळ्या लसी मिळालेल्या होत्या. केरळात ७५. बिहारात ३३, उत्तर प्रदेशात २३. अख्ख्या देशात ४४. म्हणजे जिथं एवढा मोठा पुढारी लसीच्या विरुद्ध बोलला, ते राज्य पन्नास वर्षांत सगळ्यांच्या पुढं गेलं. तामिळ आईचा स्वभाव बदलला असं नाही. तिथं गावोगावी नर्स राहायला लागली, दवाखान्यात औषध मिळायला लागलं, शाळेत-बालवाडीत पोरांना दुपारचं जेवण मिळायला लागलं. सरकार रोज कामाला येतं हे दिसलं, तेव्हा त्याच्या सुईवरही भरवसा बसला.

आपल्या महाराष्ट्राचं काय? १९९८-९९ च्या पाहणीत १०० पैकी ७८ मुलांना सगळ्या लसी होत्या. सात वर्षांनी तो आकडा ५९ वर आला. पुढारलेलं म्हणवणारं राज्य, आणि आकडा खाली. सात वर्षांत महाराष्ट्रातल्या आया एकदम अडाणी झाल्या का? त्या २००५-०६ च्या पाहणीत देशभरच्या आदिवासी मुलांचा आकडा १०० पैकी ३१ होता. या ३१ मागची कारणं आपण पुढं बघणार आहोत.

आता दुसरं बोलणं : "यात डाव असणार." हा संशय आला कुठून?

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर देवीचे वण तुम्ही पाहिले असतील. देवीची साथ आली की माणसं देवीची मनधरणी करत. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावर कोळी लोकांत अशीच देवी अंगात आली. ती तिथून डोंगरावर चढली, ठाणे, नाशिक, डांग, सुरत, खानदेश अशी पाड्यापाड्यात फिरली. तिला सलाबाई म्हणत. साथीतून उठलेली ही देवी काय सांगत होती? दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या गुत्तेदाराकडे कामाला जाऊ नका. आजारापासून सुरू झालेली गोष्ट सावकार-गुत्तेदाराच्या बहिष्कारापर्यंत गेली. आजार, मान आणि मजुरी या गोष्टी आपल्या माणसांनी कधी वेगळ्या धरल्याच नाहीत. आज आपण लसीचा विषय जमिनीच्या शिबिरात घेतो आहोत तो त्याच वाटेनं.

सरकारची सुई आपल्यापर्यंत कशी आली तेही आठवा. १९७४ साली बिहारच्या सिंहभूममध्ये, टाटानगरच्या भागात, देवीची मोठी साथ होती. तिथले हो आदिवासी लस घ्यायला तयार नव्हते. तेव्हा रात्री घराची दारं फोडून, माणसांना धरून, खाली पाडून लस टोचली गेली. हे आपण सांगत नाही, त्या मोहिमेत काम केलेल्या परदेशी डॉक्टरनं नंतर लिहून ठेवलं आहे. पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला. १९८० साली सगळं जग देवीमुक्त जाहीर झालं. देवी गेली ती लसीमुळे गेली, हे खरं. आज एकाही पोराच्या तोंडावर ते वण नाहीत. आणि दारं फुटली हेही खरं. एक खरं दुसऱ्या खऱ्याला पुसत नाही.

त्याच सुमारास आणीबाणी लागली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना "केस" आणायचा कोटा. सक्तीच्या नसबंदीचा कायदा विधिमंडळात मंजूर करणारं राज्य कोणतं? आपला महाराष्ट्र. राष्ट्रपतींची सही झाली नाही आणि आणीबाणी उठली, म्हणून तो लागू झाला नाही. पण सरकारी जीप, डॉक्टर आणि सुई यांचा अर्थ गरिबाच्या मनात तेव्हा पक्का झाला. फॉरेस्टचा गार्ड दिसला की अर्धा पाडा जंगलात पळतो. मग दुसरी कुठलीही जीप आली तरी तेच होतं. जीपवर "आरोग्य" लिहिलंय की "वन", हे धूळ उडताना कुठं दिसतं?

उत्तर प्रदेशात याची किंमत लेकरांनी दिली. पोलिओचे डोस सुरू झाले तेव्हा पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुसलमान वस्त्यांत बोललं गेलं, की या थेंबांनी पोरं पुढं वांझ होतील. नसबंदीची आठवण ताजी होती, दंगलींची भीती होती. आणि माणसं विचारत होती, नळाला पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, मग हे थेंबच तेवढे घरपोच का? प्रश्न चुकीचा नव्हता. पण रोगाला प्रश्न कळत नाही. २००२ साली देशात १,६०० मुलांना पोलिओ झाला. त्यातली बहुतेक एकट्या उत्तर प्रदेशातली होती, आणि त्यांत मुसलमान लेकरं फार होती. पाय लुळे पडले ते सरकारचे पडले नाहीत.

मग बदललं कशानं? पोलिसानं नाही. त्याच वस्तीतल्या बाया कामाला लागल्या. घराघरात जाऊन बसल्या, नावनिशी याद्या केल्या, मुलाला ताप आला तर दुसऱ्या दिवशी परत विचारायला गेल्या. मौलवींनी मशिदीतून सांगितलं, अलिगढच्या विद्यापीठातली माणसं बोलली. १३ जानेवारी २०११ ला बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात देशातला पोलिओचा शेवटचा रोगी सापडला, एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ ला देशाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. ओळखीचं माणूस दाराशी आलं तेव्हा दार उघडलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता जी गोष्ट आपल्याला सगळ्यात जवळची आहे ती सांगतो. आश्रमशाळेत पोरी असलेल्या आईबापांनी नीट ऐका.

२००९ साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या बडोदा जिल्ह्यात शाळकरी मुलींना एक नवी लस टोचली. बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी होणाऱ्या कर्करोगावरची ती लस. पाथ नावाची परदेशी संस्था, सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारं यांचं मिळून ते काम होतं. लस कंपन्यांनी फुकट दिली होती. खम्मममधल्या बऱ्याच मुली आदिवासी, आश्रमशाळा-वसतिगृहात राहणाऱ्या. पुढं त्या टोचलेल्या मुलींपैकी सात जणी दगावल्या. बोंब झाली, एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं. चौकशी करणाऱ्यांनी सांगितलं, की हे मृत्यू लसीमुळे झाले असं दिसत नाही. आम्ही ते खोटं म्हणत नाही. त्या लसीनं कर्करोग टळतो, हेही आम्ही नाकारत नाही.

पण संमतीचे कागद बघा. संसदेच्या समितीनं ऑगस्ट २०१३ मध्ये अहवाल दिला. आंध्रातले ९,५४३ फॉर्म तपासले होते. त्यांतल्या १,९४८ वर नुसते अंगठे. आणि २,७६३ फॉर्मवर सही वसतिगृहाच्या वॉर्डनची! पोरगी आपली, दंड तिचा, आणि "हो" म्हणणारा वॉर्डन.

साथींनो, ही पद्धत तुमच्या ओळखीची नाही का? सावकाराच्या कागदावर आपल्या आज्याचा अंगठा असाच उठला आणि जमीन गेली. १९४५ साली वारल्यांनी वेठ मोडली, त्याआधी त्यांच्याही वतीनं मालकच "हो" म्हणत होता. आज जंगल प्रकल्पाला द्यायचं असलं की ग्रामसभेचा ठराव कोणाच्या तरी टेबलावर तयार होतो. आणि जिथं ग्रामसभा खरी बसली तिथं काय झालं? २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर सुप्रीम कोर्टाच्या हुकमानं बारा गावसभा बसल्या. डोंगरिया कोंधांनी बाराच्या बारा सभांत बॉक्साइटच्या खाणीला "नाही" सांगितलं. ज्याला "नाही" म्हणता येतं, त्याच्याच "हो" ला किंमत असते. खाणीला "नाही" म्हणायची ताकद आणि लसीला समजून-उमजून "हो" म्हणायची ताकद, दोन्ही एकाच गावसभेतून येतात.

म्हणून "सरकारी सुई नको" ही आपल्या संघटनेची घोषणा होऊ शकत नाही. गोवराचं उदाहरण घ्या. गोवर हवेतून पसरतो. एका झोपडीत आला की आठवड्यात पाडाभर होतो. पोटभर खाणाऱ्या पोराला तो आठ-दहा दिवस लोळवतो. आपलं पोर आधीच वाळलेलं. त्याला गोवरानंतर जुलाब लागतात, छाती भरते, डोळे जातात, जीव जातो. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला यांचंही तसंच. या रोगांची लस फुकट आहे, जुनी आहे, कोट्यवधी मुलांनी घेतलेली आहे. शहरातला साहेब आपल्या पोराला ती पैसे मोजून टोचतो. ती आपल्या पोराला मिळाली नाही तर तो आपला विजय कसा? आपण प्लॉट टिकवतो तो कोणासाठी? सातबाऱ्यावर वारस म्हणून ज्यांची नावं लावायची, ती लेकरं आधी जगली पाहिजेत.

आता ते १०० पैकी ३१ का, ते बघू. पाड्यापाड्यांवर आम्ही आयांना विचारत आलो आहोत. "आम्हाला नकोच" म्हणणाऱ्या थोड्या. बाकीच्यांची कारणं ऐका. दिवाळीनंतर आम्ही वीटभट्टीवर जातो, शिमग्याला येतो, तोवर नर्सबाई येऊन गेली. पावसात ओहोळ भरतो, चार महिने कोणी येत नाही. लसीचा वार आणि मजुरीचा वार एकच. मागच्या वेळी पोर रात्रभर तापलं, दोन दिवस कामाला जाता आलं नाही, ताप येणार हे कोणी सांगितलं नव्हतं. कार्ड पावसात भिजलं, तर बाई सगळ्यांसमोर ओरडली. आणि काही वनपाडे तर लसीकरणाच्या यादीतच नाहीत, कारण महसुलाच्या नकाशात ते नाहीत. ज्या कागदावर आपला प्लॉट नाही, त्याच कागदावर आपलं पोरही नाही. यातलं कोणतं कारण भगताचं आहे?

तर आता कामाचं बोलू. प्रत्येक गावसभेनं येत्या महिन्यात एवढं करायचं :

१. यादी आपण करायची. पाड्यातलं दोन वर्षांखालचं प्रत्येक मूल, नाव, जन्माचा महिना, कोणती लस झाली, कोणती राहिली. दाव्यांची यादी करणाऱ्या पोरांनीच ही करावी. २०१४ साली वेळापत्रक असं होतं : जन्मताच बी.सी.जी. व पोलिओ, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना त्रिगुणी, कावीळ व पोलिओ, नऊ महिने पुरे झाले की गोवर, दीड वर्षाच्या पुढं गोवराचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर. आत्ताचं वेळापत्रक नर्सबाईला विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

२. वार आपण ठरवायचा. गावसभेत ठराव करून प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या : आमच्या पाड्यावर लसीकरण बाजाराच्या दिवशी नको, अमुक दिवशी हवं, भट्टीवर जाण्याआधी एक आणि परत आल्यावर एक सत्र हवं. यादीत नसलेल्या पाड्याचं नाव ठरावात लिहा. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे अर्जच नाही, हे आपण जमिनीच्या लढाईत शिकलोय.

३. भट्टीवर जाताना कार्ड बरोबर न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत. कार्ड दाखवून मुलाला कुठल्याही सरकारी दवाखान्यात पुढची लस मिळते. गाव बदललं म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही.

४. टोचण्याआधी विचारा. कोणत्या रोगाची लस? ताप येईल का, आला तर काय करायचं? पुढची कधी? आपल्या बोलीत विचारा, कळेपर्यंत विचारा. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. लस २ ते ८ अंशांच्या गारव्यात ठेवायची असते, म्हणून ती बर्फाच्या डब्यातून येते. कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका काळा झाला तर ती लस बाद. पाणी मिसळलेली गोवराची कुपी चार तासांच्या आत वापरायची. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. एक-दोन दिवस ताप किंवा सूज येते, घाबरू नका. पण पोर निपचित पडलं, झटके आले, श्वास लागला, तर थांबू नका, लगेच दवाखाना, आणि गावसभेला कळवा.

५. वॉर्डनला आपला अंगठा देऊ नका. आश्रमशाळेत मुलांना नव्या प्रकारची कुठलीही लस किंवा औषध द्यायचं असेल तर आधी आईबापांची सभा घ्या, असा ठराव करा. पालकाच्या जागी दुसऱ्या कोणाची सही चालणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा.

६. आशाताई आणि नर्सबाईला शत्रू करू नका. त्या आपल्यासारख्याच राबतात, डबा खांद्यावर घेऊन दोन-तीन डोंगर चढतात. त्यांना वेळेवर पैसे नाहीत, गाडी नाही. त्यांच्यासोबत दोन पोरं पाठवा, रात्र झाली तर राहायला जागा द्या. ओहोळावर साकव मागायचा तो त्यांच्यासाठीही मागा. ग्राम आरोग्य समितीला दर वर्षी मिळणाऱ्या पैशाचा हिशोब मात्र गावसभेत मांडायला लावा.

भगतांनाही आमचं सांगणं आहे. तुमच्यावर माणसांचा भरवसा आहे. उत्तर प्रदेशात मौलवींनी जे केलं ते इथं तुम्ही करू शकता. देवाला नारळ द्या, आणि "पोराला टोचून आण" हेही सांगा.

शेवटचं एक. या कामात कोणावर सक्ती करायची नाही. लस घेतली नाही म्हणून रेशन बंद, दाखला नाही, असं कोणी अधिकारी म्हणाला तर संघटनेला कळवा, आपण त्या आईच्या बाजूनं उभे राहू. आणि त्याच संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून, तिचं सगळं ऐकून घेऊन, तिला समजावूही. सरकारनं दार फोडून जे केलं ते आपण दारात बसून करायचं.

याद्या पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या. दाव्यांची यादी एका हातात, लेकरांची यादी दुसऱ्या हातात. दोन्ही एकाच दिवशी तहसील कचेरीत आणि आरोग्य केंद्रात द्यायच्या आहेत.

जंगल-जमीन आमच्या हक्काची! लेकरांचं आरोग्य आमच्या हक्काचं!

जोहार!